पुनरुत्थान मानता ना, मग सोमवारी काय बदलतं?

वसईवाला
शनिवारी रात्री चर्चमध्ये ईस्टरची मिस्सा (उपासना), मोठी मेणबत्ती, ‘ख्रिस्त उठला आहे’चा गजर. रविवारी जेवणावळ. सोमवारी विरार लोकल. येशू मेलेल्यांतून उठला, आपणही उठू, हे पुनरुत्थान आमच्यातल्या बहुतेकांनी मरणापाशी नेऊन ठेवलंय. मयताला आठवतं, 2 नोव्हेंबरला कबरींवर फुलं वाहताना आठवतं, बाकी वर्षभर त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

बायबलमधलं, प्रेषित पौलाने इ.स. 55च्या सुमारास करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पहिलं पत्र काढा. 15वा अध्याय सगळा पुनरुत्थानावर आहे: शेवटचा कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील. तो संपतो मात्र ‘तुमचे श्रम वाया जाणार नाहीत, कामात तत्पर राहा’ अशा अर्थाच्या वचनावर. आणि 16वा अध्याय थेट वर्गणीने सुरू होतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढावं, यरुशलेमला पाठवायचंय. शेवटचा कर्णा वाजला, मरणाची नांगी मोडली, चला, आता डबा फिरवा! मला हे फार आवडतं.

शिवाय आमची श्रद्धा शरीर उठण्याची आहे, नुसता आत्मा सुटण्याची नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच आहेत. तिबिर्याच्या समुद्राकाठी तो निखाऱ्यांवर मासळी ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. देव शरीराला इतकं मोलाचं मानत असेल, तर आजाऱ्याचं अंग पुसणं, मजुराला वेळेवर पैसे देणं, विहिरीचं पाणी राखणं हे सगळं त्याच श्रद्धेत आलं. इ.स. 260च्या आसपास अलेक्झांड्रियात साथ आली. तिथले बिशप दियोनिसियस यांच्या पत्रात आहे की बरेच ख्रिस्ती लोक रोग्यांची सेवा करता करता स्वतः गेले. आपल्याकडे ‘हरित वसई’च्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात उभे राहिले. माझ्या मते ते ईस्टरचंच प्रवचन होतं. पटत नसेल तर बोला.

तर्कटी
नाही पटत. बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या, त्या कुठल्या ईस्टरच्या जोरावर? कोविडच्या वॉर्डात राबलेल्या नर्सबाईंना कुणी धर्म विचारला होता? माणूस आधी चांगलं वागतो, मग जो तो धर्म येऊन त्यावर आपला शिक्का मारतो. उलट, मेल्यावर भरपाईची हमी मिळाली की माणूस इथे गप्प बसतो. ‘सोस बाबा, वर न्याय आहे’ हे मालकाला केवढं सोयीचं!

वसईवाला
आमट्यांबद्दल वाद नाही. पुनरुत्थान मानल्याशिवाय चांगलं वागताच येत नाही, असं मी म्हटलेलंच नाही. पण मालकाची सोय? येशूच्या काळात पुनरुत्थान न मानणारे कोण होते? ज्यूंमधले सदूकी. मंदिराचा कारभार ज्यांच्या हातात, रोमन सत्तेशी ज्यांचं जमलेलं, ते. आणि मानणारे? येशूच्याही आधीचे, मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातले सात ज्यू भाऊ घ्या. अंतियोख राजा डुकराचं मांस खायची सक्ती करतो, ते नाही म्हणतात. त्यातला एक जण हात पुढे करून सांगतो, हे देवाने दिले, त्याच्याकडूनच परत मिळतील. ज्याला मरणाची भीती दाखवून वाकवता येत नाही असा माणूस कुठल्या राजाला सोयीचा?

नगरकर
दादा, ग्रंथ राहू द्या, दफनभूमीत चला. तिरुचिरापल्लीला मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतरांच्या कबरींच्या मध्ये भिंत आहे. सगळे एकाच कर्ण्याने उठणार, पण तोवर एका ओळीत झोपायचं नाही! आमच्या जिल्ह्यात तशी भिंत मी पाहिलेली नाही. पण सोयरीक निघाली की आजोबा ख्रिस्ती होण्याआधी कोण होते, ते हळूच विचारतात. तुमचं पुनरुत्थान सोमवारी काही बदलत असेल, तर सुरुवात तिथून करा. हरित वसईचं नंतर बघू.

तर्कटी
नगरकरांना माझं मत.

वसईवाला
नगरकर, याला माझ्याकडे उत्तर नाही. श्रद्धेत खोट नाही, माणसांत आहे, असं म्हणता येईल, पण ती पळवाट झाली. भिंतीपलीकडच्यासोबतच उठायचंय हे खरंच मानणारा भिंत बांधणार नाही. म्हणजे बांधणाऱ्यांनी ते मानलेलंच नाही.

दौंडची ताई
तुम्ही सगळे पुनरुत्थानाची समाजसेवा करून टाकताय. माझा मुलगा गेला. मला तो पुन्हा भेटायचाय, बस. वर्गणी, विहिरी, भिंती सगळं बरोबर असेल, पण रात्री दोन वाजता त्याने काही भागत नाही. आमच्या तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी 1890च्या दशकातल्या दुष्काळातल्या किती मुली सांभाळल्या! 1921 साली त्यांची स्वतःची मनोरमा गेली, एकुलती एक. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्या मधल्या महिन्यांत कामाने त्यांना जगवलं की लेक भेटेल या आशेने, हे तुम्ही सांगू शकाल?

वसईवाला
नाही सांगू शकत, ताई. पण दोन्ही आशा एकच नाहीत का? तो भेटेल, त्याच्याच चेहऱ्याने भेटेल, हे शरीराचं मोल मानल्याशिवाय म्हणता येत नाही.

दौंडची ताई
असेल. तुम्ही मात्र सांगताना चेहरा शेवटी आणता, मी तिथून सुरू करते.

तर्कटी
ताई, तुमच्याशी वाद घालत नाही. वसईवाल्यांना मात्र सोपा प्रश्न. शरीराचं इतकं मोल, मग देहदान करता का? की उठायला लागेल म्हणून जपून ठेवायचं?

वसईवाला
कॅथलिक चर्चने 1963 पासून दहनाला परवानगी दिली आहे, दफन बरं असं अजूनही म्हणतात. 2016 साली व्हॅटिकनने सांगितलं की राख उधळू नका, घरच्यांत वाटून घेऊ नका, पवित्र जागी ठेवा. अवयवदान तर चर्च पुण्याचं काम मानतं. मी नेत्रदानाचा फॉर्म आणलाय. आई सही करू देत नाही. म्हणते, ‘उठशील तेव्हा मला ओळखशील कसा?’

पाचूबंदर
आईंना सांगा, माझा काका दर्यात गेला, सापडलाच नाही. मिस्सा झाली, कबर नाही. समुद्राने आपल्यातले मेलेले परत दिले, असं बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात लिहिलंय. माशांनी खाल्लेला अख्खा माणूस ज्याला गोळा करता येतो, त्याचं दोन डोळ्यांनी काय अडणार?

तर्कटी
हा युक्तिवाद मला मान्य नाही, पण आईंना तो पटला तर माझी हरकत नाही. तुम्ही सही केलीत तरी ऐनवेळी घरच्यांची संमती लागते, आणि डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तेव्हा पौल नंतर, आधी आईशी बोला.