डेन्सचं टाइप २ फ्रॅक्चर: पुढून स्क्रू की मागून सी१-सी२ फिक्सेशन?

ऑर्थो_रजिस्ट्रार:
पस्तिशीचा पेशंट, दुचाकीचा अपघात. डेन्सच्या (मानेच्या दुसऱ्या मणक्यातून, सी२ मधून, वर येणारा हाडाचा सुळका) बुडाशी टाइप २ फ्रॅक्चर, तुकडा ६ मिमी मागे सरकलेला, हातापायांत ताकद शाबूत. सीटीत फ्रॅक्चरची रेघ पुढून वर, मागे खाली अशी उतरते. सी१-सी२ (मानेचे पहिले दोन मणके) जाम केले तर मान वळवणं जवळपास निम्मं जातं, म्हणून पुढूनच एक स्क्रू घालावा असं वाटतं. काय काय तपासू?

पाठकणा:
रेघेचा उतार सोयीचा आहे, स्क्रू तिला जवळजवळ काटकोनात छेदेल. उलट उतार असता तर स्क्रू आवळताना तुकडा पुढे घसरला असता. एमआरआयमध्ये ट्रान्सव्हर्स लिगामेंट (डेन्सला सी१ शी धरून ठेवणारा पट्टा) बघा. ते तुटलेलं असेल तर डेन्स जुळूनही सी१ हलत राहतो, मग पुढच्या स्क्रूचा उपयोग नाही.

खरी अडचण मागे सरकलेल्या तुकड्याची. तो मान पुढे घेतल्यावर जागेवर येतो, आणि स्क्रूच्या वाटेसाठी मान मागे न्यावी लागते. त्यामुळे छेद घेण्याआधीच, मान मागे नेलेल्या स्थितीत, सी-आर्मखाली (ऑपरेशनमधलं फिरतं एक्स-रे यंत्र) रिडक्शन, म्हणजे जागेवर आणलेला तुकडा, टिकतंय का ते बघा. टिकत नसेल तर हट्ट नको. त्याच वेळी लांब के-वायर (स्क्रूला वाट दाखवणारी बारीक तार) मानेच्या बाजूला धरून वाट आखा. छाती आडवी येत असेल तर कोन मिळणारच नाही.

छेद सी५-६ च्या पातळीला. एन्ट्री सी२ च्या खालच्या पुढच्या कडेतून, त्यासाठी सी२-३ डिस्कची पुढची कड थोडी कोरावी लागते. मणक्याच्या समोरच्या भिंतीतून शिरलात तर स्क्रू पुढची कॉर्टेक्स (हाडाचं टणक बाहेरचं कवच) फोडून निघतो. ड्रिल करताना के-वायर अडकून वर सरकते आणि पलीकडे ब्रेनस्टेम आहे, म्हणून दर दोन-तीन मिमीला लॅटरल (बाजूचा) एक्स-रे घ्या. ३.५ किंवा ४ मिमीचा लॅग स्क्रू (दोन तुकडे एकमेकांकडे ओढून आवळणारा), लांबी साधारण ४० मिमी, पण सीटीवर मोजूनच. सगळे आटे रेघेच्या वर गेले पाहिजेत, नाहीतर फट मिटत नाही. टोकाची कॉर्टेक्सही पकडायलाच हवी.

सी१सी२:
रिडक्शन टिकलं नाही तर मागून जा. मुंबईच्या केईएममध्ये असताना डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मांडलेली सी१ लॅटरल मास (मणक्याचा बाजूचा जाड भाग) आणि सी२ स्क्रूची पद्धत, २००१ मध्ये हार्म्स यांनी पॉलिअॅक्सियल (डोकं हवं तसं वळणारे) स्क्रू आणि रॉड वापरून पुढे नेली. आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) करा. व्हर्टिब्रल आर्टरी (मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रोहिणी) उंचावर असेल तर सी२ पेडिकल (मणक्याची पुढची-मागची बाजू जोडणारा हाडाचा दांडा) सोडून लॅमिनार स्क्रू (मणक्याच्या मागच्या पातळ भागात) घ्या. सी१ ची एन्ट्री गाठताना सी२ नर्व्ह रूटभोवतीच्या शिरा भळभळतात; जेलफोम, कॉटन पॅटी लावून थांबा, घाईने कॉटरी फिरवू नका. आर्टरीला इजा झालीच तर त्याच भोकात स्क्रू बसवून रक्त थांबवा. दुसऱ्या बाजूला ड्रिल लावू नका, टेबलावरून थेट अँजिओग्राफी.

ऑर्थो_रजिस्ट्रार:
हाच पेशंट पंचाहत्तरीचा असता तर?

पाठकणा:
हाड ठिसूळ असेल तर पुढचा स्क्रू सी२ च्या बॉडीतून कापत बाहेर येतो, शिवाय गिळायला त्रास होऊन ॲस्पिरेशनची (अन्न-पाणी फुफ्फुसात जाण्याची) भीती. ऑपरेशन करायचंच असेल तर मागून. भूल झेपणार नसेल तर हार्ड कॉलर. हाड न जुळता घट्ट तंतुमय जोड झाला आणि फ्लेक्शन-एक्स्टेन्शन एक्स-रेत हालचाल नसेल तरी चालतं. हेलो व्हेस्ट (डोक्याला पिनांनी बसवलेली कडी आणि छातीचं जाकीट) मात्र या वयात टाळा.