'पेटंटेड' पावडर घ्यावी का? क्रोमच्या सांडपाण्याचा प्रश्न

मरोळचा_प्लेटर:
नमस्कार मंडळी. मरोळला आमचा निकेल-क्रोम प्लेटिंगचा गाळा आहे, वडिलांपासूनचा. रिन्सचं, म्हणजे प्लेटिंगनंतर माल धुतल्याचं, पिवळं पाणी आम्ही आधी आम्ल, मग मेटाबायसल्फाइट आणि शेवटी चुना टाकून साफ करतो. परवा एक विक्रेता आला. त्याची पावडर 'पेटंटेड' आहे म्हणे: एकदाच टाकायची, आम्ल नको, चुना नको, गाळही निम्मा. भाव मात्र मेटाबायसल्फाइटच्या कितीतरी वर. वर म्हणतो, पेटंट मिळालंय म्हणजे सरकारने तपासूनच दिलंय. खरं आहे का हे?

ठाणेकर_ईटीपी:
आमच्याकडे आलेली अशीच एक पावडर मुख्यतः फेरस सल्फेट, म्हणजे लोखंडाचा क्षार, निघाली. काम करते, पण क्रोमच्या एका अणूमागे लोखंडाचे तीन लागतात आणि ते सगळं लोखंड गाळात उतरतं. त्यामुळे गाळ निम्मा होणं सोडा, कैकपट वाढतो. हा घातक कचरा तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राला पाठवायचा खर्च धरा आणि मगच भावाचं बोला.

मसुदाकार_माटुंगा:
दादा, मी रसायनांच्या पेटंट अर्जांचे मसुदे लिहिते. तुमच्या विक्रेत्याचं शेवटचं वाक्य साफ चुकीचं आहे. पेटंट ऑफिस पावडर पाण्यात टाकून बघत नाही. परीक्षक कागद तपासतो: कल्पना नवी आहे का, जाणकाराला सहज सुचली असती का, उद्योगात वापरता येईल का. नुसतं मिश्रण, ज्यात घटकांचे गुण फक्त एकत्र येतात, त्याला कलम ३(ई) प्रमाणे पेटंट मिळतच नाही.

म्हणून त्याच्याकडे आधी नंबर मागा. पेटंट ऑफिसच्या साइटवर शोध फुकट आहे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रकाशित होतो आणि बरेच जण तेवढ्यावरच 'पेटंटेड' छापतात. मंजूर नसताना तसं म्हणणं कायद्याला धरून नाही, त्याबद्दल दंड होतो. मंजूर असेल, तर नूतनीकरणाची फी भरलीय का तेही बघा. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. पेटंट संपलं किंवा फी थकून पडलं, तर त्यातली कृती कोणीही वापरावी, तुम्हीसुद्धा.

आणि दस्तऐवज वाचाच, लोक नेमकं तेच टाळतात. दाव्यांपेक्षा (क्लेम्स, म्हणजे हक्क कशावर मागितलाय तो भाग) उदाहरणं नीट वाचा. पुष्कळदा प्रयोग ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात डायक्रोमेट हा क्रोमचा क्षार विरघळवून केलेला असतो. तुमच्या रिन्समध्ये निकेल, ब्राइटनर (चमक आणणारी रसायनं), साबणासारखी द्रव्यं असतात. कुठल्या पीएचला, लिटरला किती मिलिग्रॅम क्रोमवर प्रयोग केला, हे तिथे लिहिलेलं असतं. आपल्या पाण्याशी जुळतं का, एवढं बघा.

मग जार टेस्ट करा. तुमचंच पाणी, एका भांड्यात जुनी रीत, दुसऱ्यात त्याची पावडर. डायफिनाइल कार्बाझाइडने गुलाबी-जांभळा रंग आला तर सहा-संयुजी क्रोम, म्हणजे त्याचं विषारी रूप, शिल्लक आहे. नाले-नदीत सोडायची त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणून डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसलं एवढ्यावर जाऊ नका, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. गाळही वाळवून तोला. विक्रेता याला नाही म्हणाला, तर विषय तिथेच संपला.

मरोळचा_प्लेटर:
धन्यवाद ताई. नंबर मागितला, 'पाठवतो' म्हणाला. आमचं निकेलचं पाणी क्रोमच्याच टाकीत येतं, त्याने फरक पडेल का?

मसुदाकार_माटुंगा:
पडेल. क्रोमचा गाळ पीएच ८ ते ९ ला उत्तम बसतो, निकेलला १० च्या आसपास न्यावं लागतं आणि तिथे क्रोम परत विरघळायला लागतो. जमलं तर दोन्ही पाण्यांच्या पाइपलाइन वेगळ्या करा. आणखी एक, हे मनापासून सांगते: सायनाइडची कॉपर टाकी असेल तर तिचं पाणी या आम्लाच्या टाकीत एक थेंबही येता कामा नये. विषारी वायू निघतो, माणूस जातो. पाइप कुठून कुठे जातो ते आजच बघा, पावडरचं नंतर.