ओठ जुळायला हवेत तर गाणं दुप्पट वेगानं वाजवा

आखाजीला (आपल्या खान्देशातली अक्षय तृतीया) माहेरी न येऊ शकलेल्या लेकीच्या अहिराणी गाण्याचा व्हिडिओ कसा काढावा, या प्रश्नावर एकानं सगळंच स्लो मोशनमध्ये घ्या म्हणजे भाव आपोआप येईल, असं सुचवलंय. निंबावरच्या झोक्यापुरतं ते पटतं. पण पोरगी ओठ हलवून गाणार असेल तर नुसता वेग कमी करून चालत नाही, ओठ गाण्याच्या मागे पडतात. आमच्या कॉलेजच्या व्हिडिओत हेच झालं आणि अख्खा दिवस वाया गेला. मग कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर (म्हणजे सेकंदाला ५० चित्रं) ठेवला, स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं लावलं आणि तिला त्याच वेगानं म्हणायला लावलं. एडिटिंगमध्ये ते सेकंदाला २५ फ्रेमवर, म्हणजे निम्म्या वेगावर आणलं की ओठ मूळ गाण्याशी बरोब्बर बसतात. पदर, केस, झोका मात्र संथ तरंगतात. अहिराणी ओळी त्या वेगात जीभ अडखळवतात, म्हणून दोन दिवस आधीपासून घोकून घ्या.

केळीच्या बागेत घेणार असाल तर एक सांगतो. पानांमधून येणाऱ्या उजेडानं चेहरा हिरवट दिसतो, रडवेला चेहरा तर आजारीच वाटतो. बांधावर, मोकळ्या आभाळाखाली उभं करा आणि उजेड चेहऱ्यावर परतवायला समोर पांढरी चादर धरा. आखाजीच्या दिवसांत आपल्याकडचं ऊन माहीतच आहे, सकाळी आठच्या आत चेहऱ्याचे शॉट उरकून घ्या.