मदत हवी आहे: अँटच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये मशीनचं होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी,

आमचा एक जुना जावा प्रोजेक्ट अजून अपाचे अँटवर (कोडपासून तयार प्रोग्रॅम बांधणारं टूल) बिल्ड होतो. जार (प्रोग्रॅमची तयार फाइल) कुठल्या मशीनवर तयार झाली ते तिच्या मॅनिफेस्टमध्ये (जारमधली माहितीची फाइल) नोंदवायचं आहे. क्लायंटकडे गेलेली जार बिल्ड सर्व्हरची की कुणाच्या लॅपटॉपवरची, यावर दर रिलीजला वाद होतो आणि बग बाजूलाच राहतो.

त्यासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमकडून प्रोग्रॅमला मिळणारी माहिती) अँटमध्ये 'एन्व्ह' प्रिफिक्सने वाचतोय. विंडोजवर कॉम्प्युटरनेम व्यवस्थित येतं. उबंटू लिनक्सवर मात्र होस्टनेमच्या जागी डॉलर आणि महिरपी कंसासकट प्रॉपर्टीचं (अँटमधल्या व्हेरिएबलचं) नावच छापलं जातं. त्याच टर्मिनलवर एको (छापून दाखवणारी कमांड) केलं की नाव बरोबर दिसतं! दोन्हीकडे चालेल असा एकच उपाय आहे का?

प्रतिसाद १

टर्मिनलवर प्रिंटएन्व्ह होस्टनेम (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दाखवणारी कमांड) करून बघा, बहुतेक काहीच येणार नाही. होस्टनेम हे व्हेरिएबल बॅश (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःपुरतं ठेवतं, एक्सपोर्ट करत नाही, म्हणजे इतर प्रोग्रॅमना देत नाही. त्यामुळे एकोला दिसतं, पण बॅशमधून सुरू झालेल्या अँटपर्यंत पोचत नाही. आणि प्रॉपर्टी सापडली नाही तर अँट एरर न देता मजकूर तसाच ठेवतं.

अँट १.८ किंवा पुढचं असेल तर होस्टइन्फो टास्क (मशीनचं नाव-पत्ता देणारी अँटची तयार आज्ञा) वापरा. प्रिफिक्स द्या, नाहीतर थेट 'नेम' नावाची प्रॉपर्टी तयार होते.

प्रतिसाद २

होस्टइन्फो नेटवर्क कार्डाचा पत्ता घेऊन त्यावरून नाव शोधतं. व्हीपीएन चालू असेल तर भलतंच नाव येऊ शकतं. तुमच्या कामाला मी एक्झेकने (अँटमधून बाहेरची कमांड चालवणारा टास्क) सरळ होस्टनेम कमांड चालवून उत्तर आउटपुटप्रॉपर्टीत (कमांडचं उत्तर ठेवायची प्रॉपर्टी) घेईन. ही कमांड विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे असते. फक्त हे जार टास्कच्या आधी यायला हवं.

बिल्ड डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं टूल) होतो का? तसं असेल तर कंटेनर आयडीची पहिली १२ अक्षरं मिळतील, त्यावरून मशीन कळणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! प्रिंटएन्व्ह खरंच रिकामं आलं. एक्झेकने दोन्हीकडे नाव मिळालं. सर्व्हरवरचा बिल्ड मात्र डॉकरमध्येच होतो, तिथे काय करू?

प्रतिसाद २

तिथे अँट चालवताना मायनस डी (कमांडवरून प्रॉपर्टी देण्याचा पर्याय) लावून तीच प्रॉपर्टी बाहेरून द्या. अँटमध्ये एकदा ठरलेली प्रॉपर्टी बदलत नाही, त्यामुळे एक्झेक चाललं तरी तुम्ही दिलेलंच नाव टिकेल. स्क्रिप्टला हात लावायची गरज नाही.