मदत हवी आहे : बंपरच्या ब्रॅकेटचे घरी केलेले वेल्डिंग पुन्हा तडकले

वडणगेकर :
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात गगनबावडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या टोकाला माझ्या गाडीचा पुढचा डावा कोपरा लागला. बंपर शाबूत आहे, मात्र तो ज्या ब्रॅकेटवर बसतो त्यांपैकी डावे वाकले आणि घडीत फाटले. मी ते ठोकून सरळ केले आणि घरच्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर वेल्ड केले. टाका भरीव बसला होता. तरीही खराब रस्त्यावर गाडी थोडी चालताच टाक्याच्या अगदी कडेने, टाका सोडून शेजारच्या पत्र्यात नवी चीर गेली. शनिवारी आंबा घाटाने रत्नागिरीला जायचे आहे आणि नवा भाग तोवर मिळणार नाही, असे दुकानदार सांगतो. वेल्डिंगची कोणती काडी (इलेक्ट्रोड) वापरावी आणि किती अँपिअर ठेवावेत, एवढेच कृपया लवकर सांगावे.

शाहूपुरीकर :
गाडी कोणती, कोणत्या सालची आणि तिला एअरबॅग आहेत का, हे आपण लिहिलेलेच नाही. ज्या मोटारींना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, त्यांत बंपरमागचा भाग धडकेच्या वेळी चुरगळावा आणि माणसापर्यंत पोहोचणारा धक्का कमी व्हावा, अशाच बेताने केलेला असतो. तिथे जाड पट्टी जोडली की तो चुरगळत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरला धक्का कळण्याची वेळही बदलू शकते. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे; तुमची गाडी त्यानंतरची असेल तर या जागेला वेल्डिंग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वडणगेकर :
गाडी बोलेरो आहे, म्हणजे वेगळ्या चेसिसची, 2012 ची, आणि तिला एअरबॅग नाहीत. काडीबद्दल कोणी सांगेल का?

उद्यमनगरी :
टाका टिकला आणि शेजारचा पत्रा फाटला, यातच निदान आहे. जाड काडी आणि जास्त करंट घेतला की टाक्याच्या काठाला पत्रा खाल्ला जाऊन बारीक खाच पडते. त्यात हा पत्रा थंड असतानाच ठोकून सरळ केलेला, म्हणजे घडीच्या जागी तो आधीच थकलेला होता. रस्त्याच्या हादऱ्यांनी त्या खाचेतूनच चीर सुरू झाली. पत्रा तीन मिलिमीटरच्या आसपास असेल तर 6013 प्रकारची अडीच मिलिमीटरची काडी आणि 60 ते 90 अँपिअर पुरेसे आहेत. पण केवळ काडी बदलून हे काम टिकणार नाही. ब्रॅकेट बोल्टचे असेल तर ते काढून टेबलावर घ्या. चिरेच्या टोकाला तीन-चार मिलिमीटरचे भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकायची थांबते. मग चीर ग्राइंडरने व्ही आकारात उघडून आखूड टाके मारा आणि प्रत्येक टाका निवू द्या. मागून पट्टी द्यायची असेल तर तिची टोके तिरपी कापा, घडीवर आडवा टाका मुळीच नको.

सीओटू_समर्थक :
आजच्या काळात पातळ पत्र्याला काडी लावणेच चुकीचे आहे. शिरोली एमआयडीसीतल्या कोणत्याही शेडमध्ये सीओटू वेल्डिंग, म्हणजे काडीऐवजी तार आणि टाक्यावर कार्बन डायऑक्साइड गॅसचे आवरण, करून मिळेल. उष्णता कमी लागते आणि टाक्यावर जमणारा स्लॅगचा थर झाडावा लागत नाही.

उद्यमनगरी :
शेडमध्ये आपले म्हणणे योग्य आहे. परंतु हे गृहस्थ अंगणात काम करत आहेत आणि तिथे वाऱ्याने गॅस उडून गेला की टाक्यात छिद्रे राहतात, जी वरून रंग दिल्यावर दिसतही नाहीत. काम कोणत्याही पद्धतीने होवो, गाडीवरच करायचे झाल्यास बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. नवी पट्टी जस्ताच्या मुलाम्याची असेल तर मुलामा घासून काढा. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो.

पन्हाळ्याचे_धुके :
त्यावर आमचे वेल्डर गूळ खातात आणि त्यांना काही होत नाही.

शाहूपुरीकर :
गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. अंगणात वाऱ्याची दिशा पाहून बसावे, हाच त्यावर उपाय आहे.

रंकाळावासी :
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पुढे भक्कम बुलगार्ड बसवावा. उद्या ट्रॉली लागली तरी बंपरला ओरखडा येणार नाही.

शाहूपुरीकर :
तो सल्ला कृपया घेऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आधारे अशा गार्डवर कारवाई करण्यास केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना सांगितले आहे. शिवाय पादचाऱ्याला लागणारा मार त्याने वाढतो, आणि तो गार्डही शेवटी याच तडकलेल्या जागेवर बोल्टने बसणार.

कागदपत्रवाला :
विमा कंपनीला कळवले होते का? सर्व्हेअरने पाहण्याआधी दुरुस्ती केली की दावा अडतो.

वडणगेकर :
दावा करायचा नाही, नो क्लेम बोनस जाईल. उद्यमनगरी साहेब, ब्रॅकेट बोल्टचेच आहे.

उद्यमनगरी :
मग ते काढल्यावर वेल्डिंगच्या आधी एक गोष्ट करा. ब्रॅकेट चेसिसच्या ज्या टोकावर बसते तिथला रंग तारेच्या ब्रशने काढा, रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर ओल्या रेघेसारखे उमटते. ब्रॅकेट हा बदलता येणारा भाग आहे, चेसिस नाही. म्हणून हे पाहिल्याशिवाय काडी पेटवू नका.

वडणगेकर :
आत्ताच करून पाहिले. ब्रॅकेटची चीर अपेक्षेप्रमाणे दिसली. मात्र चेसिसच्या खालच्या बोल्टच्या भोकापासूनही नखाएवढी ओली रेघ पुढच्या काठाकडे गेलेली आहे. पुसून पुन्हा खडू लावला तरी ती तिथेच उमटते.

उद्यमनगरी :
म्हणजे मार ब्रॅकेट ओलांडून आत गेला आहे आणि हे काम आता अंगणात करण्याजोगे राहिलेले नाही. चेसिसचे दोन्ही दांडे कर्णात, म्हणजे तिरप्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मोजून पाहणारा माणूस गाठा, कारण डावे टोक मागे सरकले असेल तर नवे ब्रॅकेटही ताण घेऊनच बसेल आणि पुन्हा फाटेल. तोवर बंपर उतरवून ठेवा आणि त्या बाजूच्या हुकाला दोर लावून गाडी कोणालाही ओढू देऊ नका.

वडणगेकर :
रत्नागिरीला एसटीने जातो. बंपर उतरवला आहे. सोमवारी गाडी उद्यमनगरात आणतो, तेव्हा कर्णाची मापे इथेच लिहीन.