पाखरू ‘फुगून बसलं’ म्हणजे रुसलं का?

विश्रामबागकर
घरी कॉकटील (तुरेवाला छोटा पोपट) आहे, तीन वर्षांचा. थंडीत दोन दिवस दांडीवर पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसला. आत्या म्हणाल्या, “तुम्ही गावाला गेला होता न्हवं, फुगून बसलाय.” मलाही पटलं. मराठीत फुगून बसणं म्हणजे रुसणंच की. तिसऱ्या दिवशी दाण्याला शिवेना, तेव्हा मिरजेला डॉक्टरांकडे पळालो. वाचला. पाखरं पिसं फुगवतात ती अंगाची ऊब धरून ठेवायला. डुलकीपुरतं फुगणं ठीक, पण दिवसभर फुगलेलं पाखरू आजारी समजायचं. त्यातून ही जात आजार लपवणारी. रानात दुबळं दिसलं की आधी त्याचाच फडशा पडतो. त्या एका शब्दानं माझे दोन दिवस खाल्ले.

आता असले शब्द सारखे कानात खुपतात. कॉकटील दचकला की तुरा ताठ उभा करतो, पाहुणे म्हणतात “तोरा बघा याचा!” खरा चिडतो तेव्हा तुरा डोक्याला चपटा चिकटलेला असतो, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी बोट पुढं करतं. मानेवर खाजवून हवं असलं की डोकं खाली घालून पुढं येतो. शेजारच्या काकू ओरडल्या, “अगंबाई, मान टाकली यानं!”

आता मुख्य प्रश्न. रात्री झोपण्याआधी तो खालची चोच वरच्या चोचीवर हळूहळू घासतो, करकर आवाज येतो. बघणारे म्हणतात “दात खातोय”. दात खाणं म्हणजे राग, आणि हे तर पाखरू अगदी निवांत असल्याचं लक्षण. याला मराठीत शब्द आहे का?

जतकर
रवंथ? गुरंही निवांत बसल्यावरच रवंथ करतात.

बाकी आमच्याकडं ‘पाखरं राखणे’ याचा अर्थ ज्वारीवरची पाखरं हाकणे. माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची. धाकट्या भावानं बजरीची (पिंजऱ्यातल्या छोट्या पोपटांची) जोडी आणली आणि फोनवर आईला सांगितलं, “सुट्टीत घरी बसून पाखरं राखतोय.” ती म्हणाली, “सांगलीत कुठली रं ज्वारी?”

विश्रामबागकर
रवंथात पोटातलं परत तोंडात येतं, इथं तसं काही नाही. ते येतं ते निराळं. जीव लागलेल्या माणसाच्या बोटावर पाखरू मान वरखाली करत दाणे काढतं, आणि घरचे “ओकला!” म्हणून फडकं घेऊन धावतात. जोडीदाराला, पिलाला ते असंच भरवतं. त्याला ‘घास देणं’ म्हणावं. डोकं झटकून दाणे इकडंतिकडं उडवले तर मात्र ती खरी उलटी, मग डॉक्टर.

बजरी म्हणालात ते बरं केलंत. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून देतात ती बहुतेक वेळा बजरीच असते. बजरी मूळची ऑस्ट्रेलियाची, खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे.

माहुलीचा घाट
‘कंठ फुटणे’ राहिलं. पोपटाच्या गळ्याभोवती पट्टा उमटतो तो कंठ. मुलाचा आवाज फुटतो त्यालाही कंठ फुटणेच. दोन्हींची सरमिसळ होऊन लोक धरून चालतात की कंठ फुटला की पोपट बोलणार. कंठ नराला येतो, तोही दोन-तीन वर्षांनी. मादीला येत नाही, तरी ती बोलू शकते. (सांगून ठेवतो, देशी पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आमच्या आजोबांनी पाळला होता, ही सबब चालत नाही.)

मिरचीचंही तसंच. तिखट खाऊन जीभ सुटते म्हणतात, पण पाखरांना मिरची झोंबतच नाही. तिखटाची जाणीव आपल्यासारखी त्यांच्याकडं नाही.

शब्दवेल्हाळ
मग ‘पोपटपंची’ शब्दच मागे घ्यायला हवा. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी 1977 साली अ‍ॅलेक्स नावाचा करडा आफ्रिकी पोपट घेतला. 2007 साली तो मेला, तोवर रंग, आकार ओळखून सांगत होता, सहापर्यंत मोजत होता. अर्थ न कळता घोकणं म्हणजे पोपटपंची, तर हे काय?

जतकर
शब्द मागे कशाला? परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही जे करायचो त्याला दुसरं काय म्हणणार! तो माणसाचा शब्द आहे, पोपट बिचारा फुकट अडकलाय. फुगणं, रुसणं, दात खाणं हे सगळं माणसाचं. पाखराला लावलं की फसगत होते.

विश्रामबागकर
हे मान्य. म्हणून तर चोच घासण्याला पाखराचा स्वतःचा शब्द हवा होता. तूर्त आमच्या घरात ‘करकरणे’ रुळलाय. आत्याच रात्री स्वयंपाकघरातून विचारतात, “करकरला का?” हो म्हटलं की दिवा घालवतात.