कंबरमोडीचा अर्क: 14 मिमीचा झोन आला तरी सर म्हणतेत कंट्रोल कुठंय?

बांधावरची_पोरगी (धाराशिव)
एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूय, विषय कंबरमोडी, म्हणजे दगडी पाला. आमच्याकडं विळा लागला की आजी बांधावरची चार पानं तळहातावर चोळून हिरवा रस जखमेवर पिळती, लई झोंबतं पण रक्त थांबतं. तर मी पानं सावलीत वाळवली, मिक्सरला फिरवली, सॉक्सलेटमध्ये (द्रावक उकळवून पुन्हा पुन्हा पाल्यातनं फिरवणारं काचेचं उपकरण) मिथेनॉलनं अर्क काढला आन तसाच स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या जंतूच्या प्लेटवर अगारच्या जेलीत पाडलेल्या भोकात, म्हणजे वेलमध्ये टाकला, दुसऱ्या दिवशी वेलभोवती जंतू न वाढलेलं 14 मिमीचं वर्तुळ, म्हणजे झोन! मी तर नाचलेच. सरांनी प्लेट उजेडात धरली, "कंट्रोल कुठंय?" म्हणले आन गेले. अँटिबायोटिकची डिस्क लावली होती की, मग अजून कसला कंट्रोल?

अगार_प्लेट
अगं ते नुसत्या मिथेनॉलचं विचारतायत. मिथेनॉल स्वतःच जंतू मारतं, मग झोन पानाचा का मिथेनॉलचा कसं सांगणार? अर्क आधी पूर्ण सुकव, वजन कर, डीएमएसओत (हाही एक द्रावक) विरघळव आणि तेवढाच नुसता डीएमएसओ शेजारच्या वेलमध्ये टाक. आणि 14 मध्ये वेलचे 6 मिमी धरलेत ना? झोन मोठा म्हणजे औषध भारी असंही नसतं, काही रेणू अगारमध्ये हळू पसरतात. ताकद बघायची तर ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ द्रावात) निम्मं निम्मं पातळ करत एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण काढ.

काळी_माती (बीड)
पाला कुठला तोडला ते सांग आधी. आमच्याकडं सोयाबीनच्या बांधाला सर्रास तणनाशक मारतेत, तुझ्या अर्कात तेच उतरलं तर? फवारणी नसलेल्या जागेचा घे.

रिटायर_केमिस्ट
सगळे जंतूंच्या मागं लागलात, पण आजी म्हणती रक्त थांबतं! ती वेगळी गोष्ट, तिला रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट पाहिजे, आणि माणसाचं रक्त वापरायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी. दुसरं, आजी ताजा रस पिळती आणि तू वाळवून तासन्‌तास उकळत्या मिथेनॉलखाली धरतेस. चीनच्या तू यूयू यांचं तेच झालं होतं, जुन्या पोथीत झाड पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेलं, उकळायला नाही, ते वाचून त्यांनी 35 अंशाच्या आसपास उकळणारं इथर वापरलं आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती लागलं, 2015 ला नोबेल. आणि हो, प्रस्तावनेत "ऋषीमुनींच्या काळापासून" लिहू नको बाई, दगडी पाला मूळचा अमेरिकेतला.

बांधावरची_पोरगी (धाराशिव)
आज नुसतं मिथेनॉल टाकून बघितलं. 12 मिमी. हसावं का रडावं कळंना. आता ताज्या रसानं पुन्हा पहिल्यापासून. आजीला फोन लावून किती पानं घ्यायची विचारलं, तर म्हणती मूठभर घे, पण पावसातली नको, नुसतं पाणी निघतं त्यातनं.